गाडी उचलत का नाही? – बर्थाबाई बेंझ यांची गोष्ट

काटोलहून नागपूरला निघालेली एखादी जुनी गाडी वाटेत चहासाठी थांबते. चहा होतो, संत्र्यांची पिशवी डिकीत जाते, सगळे पुन्हा बसतात आणि मग गाडी काही उचलत नाही. इंजिन चालू आहे, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज होतो, पण पिकअप शून्य! मग चौघांचे चार सल्ले. एक म्हणतो पेट्रोलमध्ये कचरा आला, दुसरा म्हणतो प्लग गेला, तिसऱ्याच्या मते क्लचप्लेट संपली. चौथ्याला गाडीतलं काहीच कळत नाही, पण बोनेट उघडायला तोच आधी उतरतो. मेकॅनिकलला शिकणारा पोरगा अशा वेळी सोबत असला की सगळे त्याच्याकडे बघतात. चार सेमिस्टर थर्मोडायनॅमिक्स घासलेला तो बिचारा तेव्हा आकाशाकडे बघत असतो.

लांबच्या रस्त्यावर मोटार घेऊन जाण्याचा आणि ती वाटेत अडली की तिचा दोष शोधून पुन्हा हाकण्याचा पहिला मान एका बाईचा आहे. तिच्याजवळ पाना-पकड होती की नाही कोण जाणे, पण टोपीला लावायची पिन मात्र होती. तिचं नाव बर्था बेंझ. मर्सिडीज-बेंझमधला बेंझ सगळ्यांना माहीत आहे. (मर्सिडीज हे गाड्या विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव. तिचा गाडी बनवण्याशी काडीचा संबंध नव्हता, तरी ती बोनेटवर जाऊन बसली!) ज्या बाईने खरोखर गाडी हाकली, ढकलली, दुरुस्त केली आणि त्याआधी तिच्यासाठी पैसाही घातला, तिच्याबद्दल आपल्या पुस्तकांत एक ओळसुद्धा सापडत नाही. म्हणून हा लेख.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतातल्या फोर्झहाइम गावचा. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकामाच्या धंद्यात पुढे आलेले, घरची स्थिती चांगली. असं सांगतात की ती जन्मली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलात, दुर्दैवाने पुन्हा मुलगीच झाली, अशा अर्थाची नोंद केली होती. पोरीने पुढे ती नोंद वाचली आणि ती तिच्या मनाला चांगलीच लागली. आपल्याकडे असं काही घडतच नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच आजीला विचारून बघावं.

मुलीला यंत्रांची आवड होती. शाळेत तिला विज्ञान आवडायचं. पण त्या काळी बाडेनमध्ये मुलींना विद्यापीठाचं दार बंद होतं. ते उघडलं १९०० साली, आणि तरीही जर्मनीत बाडेनच पहिलं ठरलं. तेव्हा इंजिनिअरिंग शिकायचा प्रश्नच नव्हता. १८६९ मध्ये एका सहलीत तिची ओळख कार्ल बेंझ नावाच्या तरुण इंजिनिअरशी झाली. हा आगगाडीच्या ड्रायव्हरचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, आईने हालअपेष्टा सोसून शिकवलेला. खिशात दमडी नाही आणि डोक्यात घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीचं वेड! अशा मुलाला मुलगी द्यायला कुठला बाप तयार होईल?

१८७१ मध्ये कार्लने ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर मानहाइमला वर्कशॉप टाकलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली. त्या पैशातून कार्लने रिटरचा हिस्सा विकत घेतला आणि वर्कशॉप वाचलं. लग्न झालं पुढच्या वर्षी, २० जुलै १८७२ ला. हुंडा ही वाईटच चाल, त्यात वाद नाही. पण हुंड्याचा पैसा कुठे लावायचा हे मुलीनेच ठरवल्याचं असं दुसरं उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

लग्नानंतर आपणही त्यांना बर्थाबाई म्हणू, तेच शोभतं. पुढची काही वर्षं ओढग्रस्तीची होती. कर्ज, तगादे, जप्तीची भीती, त्यात मुलं लहान. कार्ल बेंझसाहेब इंजिनवर काम करत राहिले. ३१ डिसेंबर १८७९ ची रात्र, उद्या नवं वर्ष. जेवण झाल्यावर बर्थाबाईंनी नवऱ्याला पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघू म्हणून उठवलं. अनेक दिवस रुसून बसलेलं टू-स्ट्रोक इंजिन त्या रात्री चालू झालं आणि चालत राहिलं. आपण थर्टीफर्स्टला काय काय करतो ते इथे लिहीत नाही.

१८८३ मध्ये नवे भागीदार मिळून बेंझ आणि कंपनी सुरू झाली. २९ जानेवारी १८८६ ला बेंझसाहेबांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेच ते प्रसिद्ध ३७४३५ क्रमांकाचं पेटंट. एकच सिलिंडर, ९५४ सीसी, फोर-स्ट्रोक, मिनिटाला ४०० फेरे आणि शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास. फ्लायव्हील आडवं बसवलेलं, कारण उभं बसवलं तर जायरोस्कोपिक परिणामाने गाडी वळवायला त्रास होईल अशी साहेबांना शंका! पेटंटवर नाव कंपनीचं, बेंझ आणि कंपनी. बर्थाबाईंचं नाव त्यात कुठेही नाही.

आता खरी अडचण सुरू झाली. गाडी तयार होती, पेटंट हातात होतं, पण घेणारं कुणी नव्हतं. लोकांना ते खेळणं वाटे. बेंझसाहेब स्वभावाने भिडस्त आणि परिपूर्णतेच्या मागे लागलेले. अजून थोडं सुधारू, अजून थोडं बघू, असं करत गाडी गावातच थोडीशी फिरवून परत शेडमध्ये. एखाद्याने पूर्ण प्रोजेक्ट केलं आणि व्हायव्हाच्या दिवशी ते होस्टेलवरच ठेवलं, तशातली गत. लांब पल्ल्याची चाचणी कुणी घेतलीच नव्हती. म्हणजे या गाडीचे खरे दोष कोणते, हे खुद्द बनवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्टी होती. एका पहाटे नवरा झोपेत असताना बर्थाबाईंनी मोठा ऑयगेन (वय १५) आणि धाकटा रिखार्ड (वय १३) यांना सोबत घेतलं, नव्या मॉडेलची गाडी शेडमधून गुपचूप बाहेर काढली आणि माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. मुली घरीच होत्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. काटोलहून नागपूरला जाऊन परत निम्म्याहून जास्त वाट तोडावी, एवढं. रस्ता म्हणजे घोडागाड्यांच्या चाकोऱ्या. आपल्याकडे तेव्हा नागपूरची एम्प्रेस मिल सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती, पण काटोलच्या वाटेवर धावत होत्या बंड्या आणि दमण्या. जर्मनीतही फार वेगळं नव्हतं. वाटेत पेट्रोल पंप नाही, गॅरेज नाही, विचारायला मिस्त्री नाही. मिस्त्री असणार तरी कसा, गाडीच नव्हती तर!

गाडीची रचना थोडी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. कार्ब्युरेटर आजच्यासारखा नव्हता. एका टाकीत लिग्रोइन नावाचं पातळ इंधन, साधारण साडेचार लिटर. त्याच्यावरून हवा जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. क्लचही नव्हता. इंजिनचा पट्टा आधी मोकळ्या पुलीवर फिरत असायचा. गाडी हलवायची म्हणजे दांडा सरकवून तो पट्टा कामाच्या पुलीवर न्यायचा. तिथून ताकद साखळ्यांनी मागच्या चाकांना मिळायची. थांबायचं म्हणजे पट्टा पुन्हा मोकळ्या पुलीवर. त्यामुळे थांबून पुन्हा निघणं हाच या गाडीचा कसोटीचा क्षण होता. इंजिन थंड ठेवायला पाणी होतं, पण ते उकळून उडून जायचं. दर थोड्या अंतराला कुठल्या तरी विहिरीवर, ओढ्यावर थांबून पाणी भरणं आलंच.

पहिला प्रश्न इंधनाचा. हायडेलबर्गच्या पुढे वीसलॉख गावात टाकी आटत आली. लिग्रोइन तेव्हा डाग काढायला वापरत आणि ते मिळे औषधाच्या दुकानात. बर्थाबाईंनी तिथल्या दुकानातून ते विकत घेतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

मग वाटेत इंधनाची नळी तुंबली. इथे जरा थांबू या, कारण आपल्या चहाच्या टपरीवरच्या गाडीचं पन्नास टक्के कोडं इथेच आहे. नळी पूर्ण बंद झाली तर इंजिन बंद पडतं, ते कळायला सोपं. अर्धवट तुंबली की फसवते. इंजिन रिकामं चालत असताना त्याला इंधन थोडंच लागतं, तेवढं अर्ध्या नळीतूनही मिळतं. गाडी उभी असताना सगळं ठीक वाटतं. लोड आला, जास्त इंधनाची मागणी झाली, की उपास! आपले मिस्त्री याला गाडीत कचरा आला असं म्हणतात आणि जेट काढून फुंकतात. बर्थाबाईंनी टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. गाडी चालू.

पुढे इग्निशनची वायर घासली आणि तिचं आवरण निघालं. करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच गाडीच्या लोखंडात उतरू लागला. हाही दोष लोडवर जास्त छळतो. सिलिंडरमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण जितकं दाट, तितका ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतो. व्होल्टेज वाढला की करंट फाटक्या आवरणातून सोपी वाट शोधतो. म्हणून अशी गाडी उभ्या उभ्या गोड चालते आणि रेटा आला की मिसिंग करते. अंधारात बोनेट उघडून बघितलं तर कधी कधी वायरीवर बारीक निळी ठिणगी नाचताना दिसते, हे गॅरेजवाले पोरं आपल्याला सांगतातच. बर्थाबाईंनी मोज्यांचा गार्टर, म्हणजे मोजे वर धरून ठेवणारा पट्टा, काढून त्या वायरीभोवती आवरण म्हणून वापरला. इन्सुलेशन टेप नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

मग साखळी. ती ताणून ढिली झाली होती. ब्रुखझालच्या लोहाराकडून ती दुरुस्त करून घेतली. दोषाची जात इथे बदलते बघा. नळी आणि वायर बिघडली तर इंजिनच दम टाकतं. साखळी किंवा पट्टा बिघडला तर इंजिन जोरात फिरतं, पण ती ताकद चाकापर्यंत जातच नाही. आज क्लचप्लेट घसरते तेव्हा असंच होतं, आवाज चढतो आणि गाडी जागच्या जागी. म्हणून दोष शोधताना सगळ्यात आधी कान द्यायचा तो इथे: अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज चढतोय की बसतोय? चढत असेल तर क्लच, गिअर, शाफ्टकडे बघा. बसत असेल तर पेट्रोल, करंट, हवा. एवढ्या एका प्रश्नाने अर्धी गाडी तपासायची वाचते. आजच्या गाडीला स्कॅनर लावला की कोड मिळतो, पेडलचा सेन्सर गेला असेल तर गाडी स्वतःच वेग दाबून ठेवते हेही खरं. पण स्कॅनरवाल्यालाही हा प्रश्न सुटलेला नाही.

तिसरी जात ब्रेकची. इंजिन ठीक, साखळी ठीक, पण ब्रेक चाक सोडतच नसेल तर गाडी कशी उचलेल? अशा वेळी थोडं चालवून चाकांना हात लावून बघावा, जाम असलेलं चाक गरम लागतं. बर्थाबाईंच्या गाडीचं दुखणं उलटं होतं, ब्रेक धरतच नव्हता. लाकडाचे ठोकळे उतारावर घासून संपत आले. त्यांनी वाटेत एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग नावाची वस्तू ती हीच!

आणि शेवटी चढ. इथे मात्र पिन, गार्टर, लोहार, चांभार, कुणाचंच काही चाललं नाही. गाडी चढावर थांबायची आणि पुढे जायचीच नाही. मग खाली उतरून माय-लेकरांनी धक्का मारायचा. काहीही बिघडलेलं नव्हतं आणि तरी गाडी उचलत नव्हती.

ढोबळ हिशेब करून बघा. इंजिन २ अश्वशक्तीचं धरू, म्हणजे साधारण १५०० वॅट. वेग ताशी १६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४.४ मीटर. भागाकार केला की चाकाला मिळणारा जोर ३४० न्यूटन, तोही घर्षणात काही गेलं नाही असं मानून. गाडी आणि तीन माणसं मिळून ५०० किलो धरली, तर खराब रस्त्यावर नुसतं लोटायलाच १५० न्यूटन लागतील. उरले १९०. त्यात गाडी चढेल जेमतेम २६ मीटरला एक मीटर. त्याहून तीव्र चढ आला की संपलं. आता तेच इंजिन ठेवा आणि गिअर बदलून वेग निम्मा करा. जोर ६८० न्यूटन होतो, १५० वजा जाता ५३०, आणि चढ चढतो दहा मीटरला एक मीटर! इंजिन तेच, इंधन तेच, फक्त एक खालचा गिअर हवा होता. आपल्या मशीन डिझाइनच्या पुस्तकात हे सहज सुटणारं गणित आहे. पण गाडी मानहाइमच्या सपाट रस्त्यांवर फिरत असेपर्यंत हे गणित मांडायची कुणाला गरजच पडली नाही.

संध्याकाळी अंधार पडता पडता तिघं फोर्झहाइमला पोचले. बर्थाबाईंनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या रस्त्याने त्या गाडी घेऊन परतही आल्या. घरी आल्यावर बेंझसाहेबांना काय काय ऐकून घ्यावं लागलं याची कल्पना संसारी वाचकांनी करावी. पण यादी कामाची होती: चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकला चामडं हवं. साहेबांनी दोन्ही सुधारणा केल्या. माझ्या मते त्या प्रवासाची जाहिरात झाली हे महत्त्वाचं खरं, पण त्याहून मोठी गोष्ट ही यादी. गाडी उत्तम आहे हे सांगणारे शंभर भेटतात, कुठे अडली ते नेमकं सांगणारा एखादाच.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात बेंझ गाडीला सुवर्णपदक मिळालं. फ्रान्समध्ये विक्री सुरू झाली, मग धंदा वाढत गेला. १८९९ मध्ये कंपनीने एका वर्षात ५७२ गाड्या बनवल्या, तेव्हा जगात एवढ्या कुणी बनवत नव्हतं. १९०३ मध्ये मतभेदांमुळे बेंझसाहेब कंपनीच्या कारभारातून बाजूला झाले आणि १९०६ मध्ये कुटुंबाने लाडेनबुर्ग गावी मुलांच्या नावाने वेगळी कंपनी काढली. १९२६ मध्ये जुनी बेंझ कंपनी आणि डाइमलर एकत्र आल्या. तिथून तो तारा आपल्याही देशात आला. १९५४ पासून टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले आणि टाटा-मर्सिडीज हे नाव आपल्या हायवेवर रुळलं. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ पुण्यात आली आणि २००९ मध्ये चाकणला तिचा कारखाना उभा राहिला. आपले सिनिअर कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी चाकणचं नाव ज्या भक्तिभावाने घेतात, तो भाव बर्थाबाईंच्या वाट्याला थोडा जरी आला तरी पुरे.

बेंझसाहेब ४ एप्रिल १९२९ ला लाडेनबुर्गला वारले. १९२५ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी, संकटाच्या दिवसांत आपल्याजवळ बायकोच तेवढी उभी राहिली, हे मोकळ्या मनाने मान्य केलेलं आहे. पण पेटंटच्या कागदावर ते मावलं नाही.

बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षं जगल्या. दोन महायुद्धं बघितली. आपल्या मुलींच्या वर्गांतली संख्या बघता पुढची गोष्ट मेकॅनिकलच्या सगळ्या मुलींनी नक्की लक्षात ठेवावी. ज्या बाडेनमध्ये त्यांना तरुणपणी विद्यापीठात पाऊल ठेवता आलं नसतं, त्याच बाडेनमधल्या कार्लस्रूहेच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर केलं. बेंझसाहेब शिकले ते गावही कार्लस्रूहेच. तारीख होती ३ मे १९४४, बर्थाबाईंचा ९५ वा वाढदिवस. दोन दिवसांनी, ५ मे ला, लाडेनबुर्गच्या घरी त्यांचं निधन झालं.

२००८ मध्ये मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत हा त्यांचा रस्ता बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून जाहीर झाला. वाटेत पाट्या लावल्या आहेत. चढ अजून आहेतच.